मासाताका ताकेत्सुरु : जपानला व्हिस्की शिकवणारा हट्टी कारागीर

१९२० साली स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅम्पबेलटाउन या गावात एक तरुण जपानी रसायनतज्ज्ञ हेझलबर्न डिस्टिलरीत काम शिकत होता. बार्लीला मोड कसे आणतात, तांब्याच्या ऊर्ध्वपातन भांड्यांचा आकार कसा असतो, ओकच्या पिंपांची निगा कशी राखतात, हे सारे तो आकृत्यांसह टिपून ठेवत होता. अशा दोन वह्या भरल्या. जपानी व्हिस्कीचा पाया त्या वह्यांत आहे आणि त्या लिहिणाऱ्या मासाताका ताकेत्सुरु यांना तिचे जनक मानले जाते.

ताकेत्सुरु यांचा जन्म २० जून १८९४ रोजी हिरोशिमा प्रांतातील ताकेहारा येथे झाला. घराण्याचा व्यवसाय तांदळापासून साके तयार करण्याचा. ओसाका येथे मद्यनिर्मितीचे तांत्रिक शिक्षण घेऊन ते सेत्सु शुझो या कंपनीत रुजू झाले. त्या काळी जपानमध्ये व्हिस्की म्हणून जे विकले जाई, ते बहुतांशी मद्यार्कात रंग आणि सुगंध मिसळून केलेले असे. अस्सल व्हिस्कीचे तंत्र मिळवण्यासाठी कंपनीने १९१८ मध्ये त्यांना स्कॉटलंडला पाठवले. ग्लासगो विद्यापीठात त्यांनी रसायनशास्त्राचे धडे घेतले. पण खरी विद्या मिळाली ती लाँगमॉर्न, बोनेस आणि हेझलबर्न येथील कारखान्यांत.

याच मुक्कामात त्यांची ओळख डॉक्टरकन्या जेसी रोबर्टा कोवन, म्हणजेच रिटा, यांच्याशी झाली. दोन्ही घरांच्या विरोधाला न जुमानता जानेवारी १९२० मध्ये त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला आणि त्याच वर्षी हे जोडपे जपानला परतले.

तिथे मात्र महायुद्धानंतरच्या मंदीने सेत्सु शुझोचा बेत बारगळला होता. नोकरी सोडून ताकेत्सुरु यांनी काही काळ शाळेत रसायनशास्त्र शिकवले. १९२३ मध्ये कोतोबुकिया कंपनीचे मालक शिंजिरो तोरी यांनी त्यांना दहा वर्षांच्या कराराने बोलावून घेतले. हीच कंपनी पुढे सन्टोरी झाली. क्योतोजवळील यामाझाकी येथे ताकेत्सुरु यांच्या देखरेखीखाली जपानची पहिली माल्ट व्हिस्की डिस्टिलरी उभी राहिली आणि १९२४ च्या अखेरीस ती सुरू झाली. जागेवरून दोघांचे मत जुळले नव्हते. ताकेत्सुरु यांना स्कॉटलंडसारखे थंड हवामान लाभलेले होक्काइदो बेट हवे होते. तोरी यांना बाजारपेठ जवळ हवी होती.

पहिली व्हिस्की, ‘शिरोफुदा’, १९२९ मध्ये बाजारात आली आणि सपशेल पडली. पीटच्या, म्हणजे दलदलीतील कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या इंधनाच्या, धुरावर बार्ली सुकवल्याने येणारा उग्र गंध जपानी ग्राहकाला रुचला नाही. ताकेत्सुरु यांच्या लेखी तो धूर म्हणजेच व्हिस्की. त्यांना पुढे बिअरच्या कारखान्याची जबाबदारीही देण्यात आली. १९३४ मध्ये ते कंपनीतून बाहेर पडले. तोरी यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एवढे सांगितले पाहिजे, की १९३७ मध्ये त्यांनी आणलेली सौम्य चवीची ‘काकुबिन’ लोकांनी डोक्यावर घेतली. बाजाराची नाडी तोरी यांना अचूक कळली होती.

ताकेत्सुरु होक्काइदोतील योइचीला गेले. रिटा ज्या घरी इंग्रजी शिकवत, त्या घरचे शोतारो कागा हे नव्या कंपनीचे एक भांडवलदार ठरले. व्हिस्की मुरायला वर्षे लागतात, तोवर खर्च भागवायचा कसा? योइची परिसर सफरचंदांचा. म्हणून कंपनीचे नाव ठेवले ‘दाइ निप्पॉन काजू’, म्हणजे महाजपान फळरस कंपनी, आणि आधी सफरचंदाचा रस विकायला काढला. त्यानेही फारसा हात दिला नाही. १९४० मध्ये पहिली व्हिस्की आली, तेव्हा निप्पॉनमधील ‘नि’ आणि काजूमधील ‘का’ जोडून ‘निक्का’ हे नाव जन्मले.

युद्धकाळात जपानी नौदलाच्या मागणीमुळे कारखाना तगला. त्याच काळात रिटा मात्र शत्रुदेशात जन्मलेली स्त्री म्हणून संशयाच्या छायेत वावरत होत्या. त्यांनी जपानी नागरिकत्व घेतले होते, तरी पोलिसांची पाळत चुकली नाही.

युद्धानंतर वेगळीच परीक्षा आली. जपानच्या करनियमांत ‘तिसऱ्या दर्जा’च्या व्हिस्कीत खऱ्या व्हिस्कीचे प्रमाण पाच टक्क्यांपर्यंतच असे. अशा स्वस्त मालावर इतर कंपन्या भरभराटल्या, निक्का मात्र अडचणीत आली. भागधारकांच्या दबावापुढे ताकेत्सुरु यांना १९५० मध्ये नमते घ्यावे लागले. पण नियमात बसेल तेवढा अस्सल अंश त्यांनी घातलाच. हट्टी माणसाची तडजोडही अशी हट्टीच होती.

जानेवारी १९६१ मध्ये रिटा यांचे ६४ व्या वर्षी निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ ताकेत्सुरु यांनी ‘सुपर निक्का’ सिद्ध केली. बोनेसमध्ये तरुणपणी पाहिलेले, धान्यापासून हलके मद्य गाळणारे कॉफी पद्धतीचे उभे ऊर्ध्वपातन यंत्र त्यांनी १९६३ मध्ये स्कॉटलंडहून मागवले. तोवर ते कालबाह्य मानले जात होते. १९६९ मध्ये सेन्दाइजवळ मियागिक्यो ही दुसरी डिस्टिलरी सुरू झाली. तिची जागा ठरवताना त्यांनी तेथील नदीच्या पाण्यात व्हिस्की मिसळून चाखून पाहिली होती, असे सांगतात. तेथील भांडी वाफेच्या मंद उष्णतेवर तापवली जातात आणि मद्य मृदू उतरते. धुराचा हा कैवारी उतारवयात असा मुद्दाम मृदू चवीकडे वळला.

२९ ऑगस्ट १९७९ रोजी, ८५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. निक्का आता असाही समूहाच्या मालकीची आहे. २००८ मध्ये ‘योइची १९८७’ला जागतिक व्हिस्की पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट सिंगल माल्टचा मान मिळाला; २०१४ मध्ये एनएचके वाहिनीने या दांपत्याच्या जीवनावर बेतलेली ‘मास्सान’ ही मालिका प्रसारित केली. योइचीत स्थानकाजवळच्या रस्त्याला रिटा यांचे नाव आहे. तेथील डिस्टिलरीत आजही कामगार फावड्याने दगडी कोळसा टाकून भट्ट्या पेटत्या ठेवतात आणि तांब्याच्या भांड्यांच्या गळ्यात, साके गाळणाऱ्या घरांच्या रिवाजाप्रमाणे, गवताचा पवित्र दोर बांधलेला असतो.