एमिल गान्याँ

एमिल गान्याँ (१९०० – १९८४) हे फ्रेंच अभियंते होते. नौदल अधिकारी झाक-इव्ह कुस्तो यांच्यासह त्यांनी १९४३ मध्ये ‘ॲक्वा-लंग’ हे पाण्याखाली वापरावयाचे स्वयंपूर्ण श्वसनयंत्र सिद्ध केले. या यंत्राचा मुख्य भाग असलेला रेग्युलेटर, म्हणजे श्वासागणिक हवा सोडणारी नियामक झडप, ही गान्याँ यांची कामगिरी होय. कुस्तो यांचे नाव पुढे जगभर पोहोचले. गान्याँ मात्र प्रामुख्याने पाणबुडे, अभियंते आणि जुन्या रेग्युलेटरांचे संग्राहक यांनाच परिचित राहिले.

जीवन आणि व्यवसाय

गान्याँ यांचा जन्म फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात झाला. तांत्रिक शिक्षणानंतर ते औद्योगिक वायू तयार करणाऱ्या ‘एर लिकीद’ या कंपनीत अभियंता म्हणून काम करू लागले. उच्च दाबाखालील वायूंचे नियमन हा त्यांचा विशेष विषय होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पेट्रोलची तीव्र टंचाई निर्माण झाली व मोटारी वायूवर चालवण्याचे प्रयत्न सुरू झाले. इंजिनाला लागेल तेवढाच वायू पुरवणारी एक छोटी झडप गान्याँ यांनी त्यासाठी तयार केली होती.

पूर्वीचे प्रयत्न

मागणीनुसार हवा पुरवण्याची कल्पना नवी नव्हती. बेन्वा रुकेरोल या खाण अभियंत्याने १८६० मध्ये खाणींतील विषारी वायूंपासून बचावासाठी असा रेग्युलेटर बनवला होता. नौदल अधिकारी ओग्युस्त देनेरूझ यांच्या साहाय्याने १८६४ मध्ये तो पाण्याखाली वापरता येईल असा करण्यात आला. परंतु त्या काळी अतिउच्च दाबाची हवा साठवणारे सिलिंडर नव्हते, त्यामुळे पाणबुड्याला बहुधा वरून येणाऱ्या नळीवरच अवलंबून राहावे लागे. विसाव्या शतकात इव्ह ल प्रियर यांनी उच्च दाबाचा सिलिंडर वापरला. मात्र त्यांच्या यंत्रात हवा सतत वाहत राही आणि तिचा मोठा भाग वाया जाई.

ॲक्वा-लंगची निर्मिती

कुस्तो यांचे सासरे आंरी मेल्किओर हे एर लिकीदमध्ये उच्चपदावर होते. त्यांच्यामार्फत डिसेंबर १९४२ मध्ये पॅरिस येथे कुस्तो व गान्याँ यांची भेट झाली. मोटारीसाठी केलेली झडप पाणबुड्याच्या उपयोगी पडेल, हे गान्याँ यांनी ओळखले आणि काही आठवड्यांत पहिला नमुना तयार केला.

रेग्युलेटरची रचना समजण्यास सोपी आहे. पाण्यात दर १० मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाएवढा दाब वाढतो. छातीवर हा दाब असताना श्वास घ्यायचा, तर आत येणारी हवाही तेवढ्याच दाबाची असावी लागते. रेग्युलेटरच्या डबीत एक लवचीक पडदा असतो. त्याच्या एका बाजूस पाणी व दुसऱ्या बाजूस हवा असते. पाणबुड्याने श्वास घेताच आतला दाब किंचित उतरतो, पडदा आत ओढला जातो, तरफ दाबली जाते व झडप उघडते. श्वास थांबला की झडप मिटते.

१९४३ च्या प्रारंभी मार्न नदीत केलेल्या चाचणीत एक दोष उघड झाला. कुस्तो आडवे पोहत असता यंत्र नीट चाले. उभे राहताच हवा वाया जाऊ लागे आणि डोके खाली केले की श्वास घेणे कठीण होई. उच्छ्वासाची झडप तोंडापाशी व पडदा पाठीवर असल्यामुळे शरीराची स्थिती बदलली की दोन्हींवरील पाण्याचा दाब वेगवेगळा होई. त्यावर गान्याँ यांनी उच्छ्वासाची हवा दुसऱ्या नळीने मागे नेऊन तिची झडप पडद्यालगत बसवली. दोन्ही भाग एकाच पातळीवर आल्याने दोष नाहीसा झाला. जुन्या रेग्युलेटरांना दोन नळ्या का असतात, याचे उत्तर या दुरुस्तीत आहे. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पेटंटसाठी अर्ज करण्यात आला आणि जून महिन्यात बांदोलजवळ भूमध्य समुद्रात यंत्र यशस्वी ठरले.

उत्पादन व कॅनडातील कार्य

युद्धानंतर बाजारात आलेल्या रेग्युलेटरला ‘सीजी ४५’ असे नाव मिळाले. त्यातील आद्याक्षरे कुस्तो व गान्याँ यांची, तर अंक १९४५ या वर्षाचा निदर्शक आहे. उत्पादनासाठी एर लिकीदने १९४६ मध्ये ‘ला स्पिरोतेक्निक’ ही कंपनी स्थापन केली.

१९४७ मध्ये गान्याँ सहकुटुंब कॅनडातील माँट्रियल येथे स्थायिक झाले व एर लिकीदच्याच कॅनडातील शाखेत त्यांनी संशोधन चालू ठेवले. तेथे त्यांनी पाण्याखालील श्वसनयंत्रांचे अनेक नमुने घडवले. १९५५ मध्ये आलेला ‘मिस्त्राल’ हा रेग्युलेटर त्यांच्याच रचनेचा होता. दाब दोन टप्प्यांऐवजी एकाच टप्प्यात उतरवल्याने त्यातील सुटे भाग कमी झाले. हवेचा झोत थेट नळीत सोडल्यामुळे श्वास घेणेही सुलभ झाले.

संग्राहकांच्या दृष्टीने महत्त्व

टेड एल्ड्रेड यांनी १९५२ मध्ये ऑस्ट्रेलियात एका नळीचा ‘पॉर्पॉइज’ रेग्युलेटर आणला. त्यात पडदा व उच्छ्वासाची झडप दोन्ही तोंडापाशी होती. पुढे हीच पद्धत रूढ झाली आणि दोन नळ्यांची यंत्रे मागे पडली. आज ती संग्राह्य वस्तू मानली जातात. पितळी डबी दीर्घकाळ टिकते. पडदा, नळ्या व झडपांचे रबर मात्र कडक होऊन तडकते. त्यामुळे जुने यंत्र पाण्यात नेण्यापूर्वी हे भाग बदलणे अत्यावश्यक असते. सुरुवातीच्या यंत्रांच्या नळ्यांत पाणी शिरल्यास उच्छ्वासाची नळी खालच्या बाजूस येईल असे कुशीवर वळून ते बाहेर काढावे लागे. असे असले तरी या यंत्रांचे बुडबुडे डोक्यामागून निघतात व दृष्टीआड येत नाहीत, म्हणून काही छायाचित्रकारांनी ती पसंत केली.

वारसा

कुस्तो यांची ग्रंथ व चित्रपटांतून लाभलेली कीर्ती गान्याँ यांच्या वाट्याला आली नाही. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले. रेग्युलेटरांचे आकार व साहित्य पुढे बदलत गेले. परंतु श्वासाबरोबर उघडणारी झडप आणि पडद्यालगत असलेला उच्छ्वासमार्ग ही दोन्ही तत्त्वे आजच्या प्रचलित रेग्युलेटरांतही कायम आहेत.