टॉमी डग्लस : सस्कॅचेवानचे प्रीमियर

कॅनडात प्रांताच्या शासनप्रमुखाला ‘प्रीमियर’ म्हणतात. आपल्याकडील मुख्यमंत्रिपदाशी या पदाची तुलना करता येईल. तेथे आरोग्यसेवा हा मुख्यतः प्रांतांच्या अधिकारातील विषय आहे, हे ध्यानात ठेवून पुढील चरित्र वाचा. एका प्रांताचा निर्णय सबंध देशाचा कसा झाला, हे त्यातून तुम्हांला उमगेल.

थॉमस क्लेमंट डग्लस यांचा जन्म २० ऑक्टोबर १९०४ रोजी स्कॉटलंडमधील फॉल्कर्क येथे एका कामगार कुटुंबात झाला. हे कुटुंब पुढे कॅनडातील विनिपेग शहरी आले. बालपणी पायाच्या हाडाचा विकार बळावून डग्लस यांचा पाय कापण्याची वेळ आली होती. वडिलांजवळ पैसा नव्हता. एका शल्यचिकित्सकाने आपल्या विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या निमित्ताने विनामूल्य उपचार केले आणि पाय वाचला. गरिबाचे उपचार अशा योगायोगावर अवलंबून असू नयेत, हा विचार त्यांच्या मनात कायमचा रुजला.

१९३० मध्ये ते वेबर्न येथे बाप्टिस्ट धर्मोपदेशक झाले. मंदी आणि अवर्षण यांनी खचलेला शेतकरी त्यांनी जवळून पाहिला. १९३५ मध्ये ते संघीय संसदेवर निवडून गेले. १९४४ च्या प्रांतिक निवडणुकीत त्यांच्या सीसीएफ पक्षाने ४७ जागा जिंकल्या आणि उत्तर अमेरिकेतील पहिले समाजवादी विचारांचे शासन सत्तेवर आले.

१ जानेवारी १९४७ पासून प्रांतात सार्वत्रिक रुग्णालय विमा सुरू झाला. मात्र डॉक्टरांचे शुल्क त्यात येत नव्हते. प्रांताच्या तिजोरीला तो भार पेलणारा नव्हता. १९५७ च्या कायद्यान्वये संघशासनाने रुग्णालयीन खर्चाचा सुमारे निम्मा वाटा उचलला, तेव्हा पुढचे पाऊल शक्य झाले. १९६० ची निवडणूक डग्लस यांनी याच प्रश्नावर, डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध पत्करून, जिंकली.

कायद्याची अंमलबजावणी मात्र त्यांच्या हातून झाली नाही. १९६१ मध्ये ते नव्या एनडीपी पक्षाचे राष्ट्रीय नेते झाले आणि प्रीमियरपद वुड्रो लॉइड यांच्याकडे गेले. जून १९६२ मध्ये रेजायना येथे डग्लस स्वतः पराभूत झाले. १ जुलैला कायदा लागू होताच डॉक्टरांनी संप पुकारला. तो तेवीस दिवस चालला आणि तडजोडीने मिटला. पुढे १९६६ च्या संघीय कायद्याने या योजनेस देशव्यापी आधार दिला. १९७२ पर्यंत सर्व प्रांत तीत सामील झाले. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी डग्लस यांचे निधन झाले.

चरित्र म्हणजे स्तुतिपाठ नव्हे, हेही लक्षात घ्या. १९३३ च्या आपल्या प्रबंधात डग्लस यांनी मनोदुर्बल ठरवलेल्या व्यक्तींच्या निर्बीजीकरणाचा पुरस्कार केला होता. सत्तेवर आल्यावर त्यांनी तसा कायदा केला नाही. तथापि तो प्रबंध त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. दुर्बलांविषयी कळवळा असणारा माणूसही दुर्बलांबाबतच चुकू शकतो, याचे भान तो आपल्याला देतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न : सस्कॅचेवानमधील आरोग्य विम्याचे श्रेय डग्लस, लॉइड आणि संघशासन यांच्यात तुम्ही कसे वाटाल? सकारण लिहा.