समजून घ्या : १९६२ च्या युद्धाचा इशारा आधीच देणारे जनरल थोरात कोण होते?

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला, तेव्हा ईशान्य सीमेवरील भारतीय जवान सुती गणवेशात आणि अंगावर होती तेवढ्याच काडतुसांवर लढत होते. ही वेळ येऊ शकते, असे तीन वर्षे आधी लेखी कळवणारा सेनानी मराठी होता. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे त्यांचे नाव. युद्ध पेटले तेव्हा ते निवृत्त झाले होते. तरीही सरकारने बोलावताच ते मदतीला गेले.

थोरात यांची कारकीर्द कशी होती?

त्यांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ रोजी कोल्हापूर संस्थानातील वडगाव येथे झाला. इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथे प्रशिक्षण घेऊन १९२६ मध्ये ते अधिकारी झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातील आराकान आघाडीवर त्यांनी पंजाब रेजिमेंटच्या पलटणीचे नेतृत्व केले. १९४५ च्या सुरुवातीला कांगॉ येथे जपान्यांशी घनघोर लढाई झाली. तेथील ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते, ही त्या काळी दुर्मीळ बाब होती. थोरात, के. एस. थिमय्या आणि एल. पी. सेन हे ते तिघे. तिघांनाही ‘डीएसओ’ हा शौर्यसन्मान मिळाला.

कोरियात त्यांनी काय केले?

कोरियातील युद्ध १९५३ मध्ये थांबले, पण मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा प्रश्न उरला. असे २२ हजारांहून अधिक कैदी भारतीय रक्षक दलाच्या ताब्यात आले. या दलाचे प्रमुख थोरात होते. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरले, तेव्हा थोरात स्वतः छावणीत शिरले आणि गोळीबार न करता त्यांनी त्याला सोडवले. या कामगिरीसाठी त्यांना अशोकचक्र (दुसरा वर्ग) मिळाले. हाच सन्मान पुढे कीर्तिचक्र म्हणून ओळखला जाऊ लागला.

‘लाल किल्ला’ सराव काय होता?

थोरात १९५७ ते १९६१ या काळात लष्कराच्या पूर्व विभागाचे प्रमुख होते. तेव्हा या विभागाचे मुख्यालय लखनऊला होते. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजू येथे चिनी सैनिकांशी चकमक झाली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये थोरात यांनी ईशान्य सीमेच्या संरक्षणाचा सविस्तर अहवाल तयार केला. सीमारेषेवर फक्त टेहळणीची छोटी ठाणी ठेवावीत आणि खरी लढाई मागे, रस्ता आणि रसद पोहोचते अशा बोमडिलासारख्या ठिकाणी द्यावी, असा त्याचा गाभा होता. शत्रू पुढे येईल तशी त्याची रसद लांबत जाईल आणि आपली जवळ राहील, हे त्यामागचे साधे गणित. त्यासाठी अधिक सैन्य आणि रस्ते लागणार होते. मार्च १९६० मध्ये लखनऊला ‘लाल किल्ला’ या नावाने सराव घेऊन त्यांनी हीच मांडणी वरिष्ठांसमोर ठेवली.

अहवालाचे पुढे काय झाले?

लष्करप्रमुख थिमय्या या मांडणीशी सहमत होते. त्यांनी अहवाल संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याकडे पाठवला. मात्र मेनन यांना चिनी हल्ल्याची भीती अवाजवी वाटली. थिमय्या यांनी उत्तराधिकारी म्हणून थोरात यांचे नाव सुचवले होते, पण सरकारने पी. एन. थापर यांची निवड केली. मे १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले. त्यानंतर सरकारने नेमके उलट धोरण स्वीकारले. थेट सीमेवर, रस्ता नसलेल्या डोंगरांत ठाणी उभी राहू लागली.

निवृत्तीनंतर ते परत कसे आले?

२० ऑक्टोबर १९६२ रोजी नामका चू नदीकाठी भारताची सातवी ब्रिगेड कोलमडली. काही दिवसांत तवांगही गेले. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी थोरात यांना दिल्लीला बोलावून घेतले. हा अहवाल आपल्यापर्यंत पोहोचलाच नाही, असे नेहरूंनी या भेटीत सांगितल्याचे थोरात यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. डावलले गेल्याचा राग धरून घरी बसणे त्यांना शक्य होते. पण सरकारने नेमलेल्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेत थिमय्या यांच्यासह ते सदस्य झाले. थापर यांच्या राजीनाम्यानंतर लष्करप्रमुखपदासाठीही त्यांच्या नावाची चर्चा झाली. ते पद जे. एन. चौधरी यांच्याकडे गेले.

मात्र हातातून वेळ निघून गेली होती. नोव्हेंबरमध्ये से ला आणि बोमडिलाही पडले. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. त्याच सुमारास यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. पुढे १९६४ च्या संरक्षण योजनेत सव्वाआठ लाखांचे सैन्य आणि डोंगरी लढाईसाठी दहा डिव्हिजन ठरल्या.

खडकवासल्याशी याचा काय संबंध?

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे (एनडीए) औपचारिक उद्घाटन जानेवारी १९५५ मध्ये झाले. तिथे घडलेल्या पहिल्या तुकड्यांसाठी १९६२ हे पहिले मोठे युद्ध होते. प्रबोधिनीच्या आवारात ‘हट ऑफ रिमेंब्रन्स’ ही वास्तू आहे. कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्या माजी छात्रांच्या स्मृती तिथे जपल्या जातात. अशा तरुण अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या जवानांना लागणारी कुमक, रस्ते आणि रसद युद्धाआधीच मिळावी, एवढेच थोरात मागत होते.

थोरात यांचे १९९२ मध्ये निधन झाले. सीमेवर रस्ते, रसद आणि पुरेशा कुमकेची चर्चा जेव्हा होते, तेव्हा त्यांच्या अहवालाचा संदर्भ आजही दिला जातो. सैनिकाला खरी मदत लढाईच्या आधी करावी लागते. नंतर उरतो तो सल्ला. थोरात यांनी दोन्ही दिले, पण त्यातला पहिला वेळेत ऐकला गेला नाही.