बत्तिसांत एकटे

फुले म्हटलं की आपल्याला काय आठवतं? भिडेवाडा, 1848 ची मुलींची शाळा, सावित्रीबाईंच्या अंगावर फेकलेलं शेण, सत्यशोधक समाज. दहावीपर्यंतच्या इतिहासाने एवढं नक्की डोक्यात बसवलेलं असतं. 11 एप्रिलला फोटोला हार घातला की झालं! पण मित्रांनो, हाच माणूस सहा-सात वर्षे पुणे म्युनिसिपालिटीचा सभासद होता, म्हणजे आजच्या भाषेत नगरसेवक होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आमच्या विंगमध्ये एकदा नगरसेवक या प्राण्यावर जोरदार चर्चा चालली होती (विषय अर्थातच पाण्याचा). तेव्हा मी हा प्रश्न टाकून पाहिला. कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून हा लेख.

जोतीरावांचा जन्म 1827 चा, पुण्यातल्या माळी कुटुंबातला. शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेत. 1848 साली मुलींची शाळा, मग अस्पृश्य मुलांसाठी शाळा, 1868 मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला, 1873 मध्ये 'गुलामगिरी' आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाज. हे सगळं आपण वाचलेलं आहे, म्हणून भराभर सांगून मोकळा होतो.

आता आपल्या कामाची गोष्ट. जोतीराव पोट भरण्यासाठी काय करायचे? शाळा काढून कुणाचं पोट भरत नाही, आणि त्यांनी तशी अपेक्षाही केली नाही. ते कंत्राटदार होते! 'पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी' ह्या नावाने व्यवसाय चालायचा. खडकवासल्याचं धरण बांधलं जात होतं तेव्हा तिथे दगड पुरवण्याचं काम त्यांनी केलं. सिव्हिलच्या मंडळींनी पुढच्या वेळी खडकवासल्याला भजी खायला जाताना हे लक्षात ठेवावं. त्यामुळे बांधकाम खातं आतून कसं चालतं हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं, साइटवर उभं राहून कळलं होतं. 'गुलामगिरी'ला जोडून त्यांनी जे पोवाडे छापले, त्यातला एक चक्क इंजिनियर खात्यावर आहे. सरकारी कामावरचे कामगार (म्हणजे तेव्हाच्या भाषेत अधिकारी, कारकून) मजुरांना आणि सरकारला कसं लुटतात, ह्यावर. पोवाडा म्हणजे शिवाजी महाराजांचा, तानाजीचा अशी आपली समजूत. इंजिनियर खात्यातल्या भ्रष्टाचारावर पोवाडा लिहिणारा माणूस मला तरी दुसरा माहीत नाही.

तर असा हा माणूस 1876 साली म्युनिसिपालिटीत गेला. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढच्या प्रसंगातली गंमत कळणार नाही. तेव्हा निवडणूक नव्हती. वॉर्ड नाही, प्रचार नाही, जाहीरनामा नाही. सभासद सरकार नेमायचं. शहरातले वजनदार लोक, पेन्शनर, सावकार, सरदार घराण्यांतले कुणी, काही शिकलेले. जोतीरावांची नेमणूकही सरकारनेच केली होती. म्हणजे खुर्ची दिली सरकारने, आणि काढून घेऊ शकणारंही सरकारच. अशा सभासदाने कुणाला जबाब द्यायचा? सरळ हिशेब लावला तर सरकारला. बहुतेकांनी तोच लावला असणार.

पण म्युनिसिपालिटीचा पैसा सरकारच्या खिशातून येत नव्हता. तेव्हाच्या म्युनिसिपालिट्यांच्या उत्पन्नात जकातीचा वाटा मोठा असायचा. जकात कोण भरतं? कागदोपत्री व्यापारी. प्रत्यक्षात तेल, तूप, धान्य, सरपण विकत घेणारा प्रत्येक जण. महारवाड्यातली बाई भरते, विणकर भरतो, हमाल भरतो. ह्यातल्या एकालाही सभेच्या दारात उभं केलं जात नव्हतं. जोतीरावांचं घर ह्याच लोकांच्या पेठेत, जुन्या गंजात होतं. 'गुलामगिरी'त त्यांनी म्युनिसिपालिटीवर टीका केली होती ती अजून आत पाऊल टाकण्याआधी, 1873 मध्ये. सुखसोयी कुठल्या आळीत पोहोचतात आणि कुठल्या आळीत पोहोचत नाहीत, हा त्यांचा जुना प्रश्न. आता ते स्वतःच आत बसले होते.

त्यांची पहिलीच वर्षं दुष्काळाची निघाली. 1876 ते 78 चा तो भयंकर दुष्काळ. दख्खनची गावं ओस पडली, माणसं आणि जनावरं अन्नावाचून मेली. सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळी मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम काढला, तिथे पोरांना जेवण दिलं जायचं. आणि ह्याच दुष्काळात, 1 जानेवारी 1877 ला, दिल्लीत राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यासाठी भलामोठा दरबार भरला. तो भरवणारे व्हाइसरॉय म्हणजे लॉर्ड लिटन. पुढच्याच वर्षी, 1878 मध्ये, देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा आणणारेही हेच.

ह्या लिटनसाहेबांची स्वारी 1880 साली पुण्यात यायची होती. म्युनिसिपालिटीच्या अध्यक्षांनी सभेपुढे प्रस्ताव ठेवला की स्वागतासाठी, शहर सजवण्यासाठी हजार रुपये मंजूर करावेत. आपल्याला वाटेल, हजार रुपये तर! पण त्या काळचे हजार रुपये म्हणजे थोडी रक्कम नव्हे. आणि प्रश्न रकमेचा नव्हताच. जोतीरावांनी सुचवलं की हा पैसा कमानी-पताकांवर उडवण्यापेक्षा पुण्यातल्या गरिबांच्या मुलांच्या शिक्षणावर खर्च करावा. कुणी ऐकलं नाही. प्रस्ताव मताला आला. सभासद बत्तीस. विरोधात मत एक.

मी हा प्रसंग पहिल्यांदा धनंजय कीरांच्या चरित्रात वाचला, आणि दोनदा वाचला. डोळ्यांपुढे आणून बघा. बाकीचे एकतीस जण काही सगळे वाईट नव्हते. त्यांच्यात शिकलेले होते, समाजात मान असलेले होते. काहींना मनातून खर्च पटलाही नसेल. पण व्हाइसरॉय येतोय, कलेक्टर बघतोय, आपली नेमणूक सरकारी, मग कशाला उगाच? आपल्याकडे मेस कमिटीत नाही का, रेक्टर सरांसमोर सगळ्यांचं डोकं एकाच दिशेने हलतं, आणि बाहेर आल्यावर कॉरिडॉरमध्ये प्रत्येक जण क्रांतिकारक असतो! तसंच.

जोतीराव गैरहजर राहू शकले असते. कंत्राटदार माणूस, साइटवर काम आहे म्हणून सांगता आलं असतं. तटस्थ राहता आलं असतं. सरकारी कामांची कंत्राटं घेणाऱ्याला सरकारशी वाकडं घेणं परवडत नाही, हे तर शेंबडं पोरही सांगेल. पण त्यांनी सभेत बसून, नावानिशी, विरुद्ध मत दिलं. हजार रुपये मंजूर झाले ते झालेच. तरीसुद्धा हे पैसे कुणाचे, आणि ज्यांचे आहेत त्यांना कुणी विचारलंय का, हा प्रश्न त्या दिवशी सभेत मांडला गेला. तो कामकाजात उरला म्हणून तर आज मला लिहिता येतोय.

त्याच वर्षी दारूचा विषय आला. शहरात भर वस्तीत दारूच्या दुकानांना परवाने मिळत होते. सरकारला त्यातून अबकारीचं उत्पन्न. जोतीरावांनी म्युनिसिपालिटीला पत्र लिहून आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं अगदी हिशेबी होतं. एका हाताने म्युनिसिपालिटी शहराच्या आरोग्यावर खर्च करते, आणि दुसरीकडे त्याच शहरात लोकांचं आरोग्य आणि संसार बुडवणारी दुकानं उघडू दिली जातात, तर मग पहिल्या खर्चाला अर्थ काय? ह्यात नुसता नीतीचा उपदेश नाही. जमाखर्चाच्या दोन बाजू शेजारी ठेवून दाखवल्या आहेत. कंत्राटदार बोलतोय हे लगेच कळतं.

आणि मग मंडई! पुण्यात राहून मंडई न पाहिलेला हॉस्टेलाइट नसेल. गणपतीत तर आपला मुक्काम तिथेच. तेव्हा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानात भरायचा. म्युनिसिपालिटीने ठरवलं की शहराला शोभेल अशी पक्की इमारत बांधायची. जोतीरावांनी विरोध केला. त्यांच्या बरोबर हरी रावजी चिपळूणकर होते, म्हणजे ह्या वेळी निदान एकटे तरी नव्हते. मुद्दा पुन्हा तोच, एवढा पैसा देखण्या इमारतीत घालण्याआधी गरिबांच्या शिक्षणाकडे बघा. विरोध चालला नाही. 1880 च्या दशकातच इमारत उभी राहिली आणि मुंबईच्या गव्हर्नरच्या नावाने तिला रे मार्केट म्हणू लागले.

आता इथे मी जरा जोतीरावांशी भांडतो. इमारत म्हणून मंडई अप्रतिम आहे. काळ्या दगडाचं काम, मधला अष्टकोनी मनोरा, त्याच्यापासून चहूबाजूंना निघालेल्या ओळी, हवा-उजेडाची सोय. सव्वाशेहून जास्त वर्षं ती वापरात आहे. उन्हापावसात जमिनीवर बसणाऱ्या भाजीवाल्यांना छप्पर नको होतं का? तेव्हा ह्या बाबतीत त्यांचं मत बरोबर होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण सभासदाने खर्चाला विरोध केला की तो विकासाच्या आड येतो, असं जे हल्ली सर्रास बोललं जातं, ते मला त्याहून जास्त खटकतं. आधी शाळा की आधी मंडई, हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा होता. पुढे अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई असं नाव मिळालं. ज्याने विरोध केला त्याचंच नाव! अत्र्यांना ह्यातली गंमत नक्कीच कळली असणार.

1882 च्या ऑक्टोबरात शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी निवेदन दिलं. खाली सही करताना त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी दिली. (कमिशनर म्हणजे तेव्हा सभासद, आजचे आयुक्त नव्हेत.) समाजसुधारक वगैरे काही नाही. त्या निवेदनात एक कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. मोठ्या शहरांतल्या प्राथमिक शाळांचा खर्च तिथल्या म्युनिसिपालिटीने उचलावा, पण शाळांचा कारभार मात्र संपूर्णपणे तिच्या हातात देऊ नये, वर शिक्षण खात्याची देखरेख असावी, असं त्यांनी मांडलं. सहा वर्षं आत बसून पाहिलेल्या माणसाचं हे मत आहे. स्वतः सभासद असूनही त्यांनी आपल्याच संस्थेवर डोळे मिटून भरवसा ठेवा असं सांगितलं नाही.

पुढच्याच वर्षी लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्येही लोकल फंडाचा विषय येतो. शेतकऱ्याकडून पट्टी घ्यायची आणि त्याच्या मुलांसाठी शाळा मात्र नाही, ही तक्रार. म्हणजे शहर असो की खेडं, त्यांचा प्रश्न बदलला नाही.

गंमत अशी की, लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव मे 1882 चा, आणि मुंबई इलाख्यात त्याप्रमाणे कायदे झाले 1884 मध्ये. म्हणजे निवडून आलेले सभासद बहुसंख्येने आले ते जोतीराव बाहेर पडल्यावर! तेव्हाही मताचा हक्क कर भरणाऱ्या, शिकलेल्या मोजक्या पुरुषांनाच होता. जकात भरणारी बाई अजून बाहेरच. सगळ्या प्रौढांना मत मिळायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. पण मत मिळालं म्हणजे जबाब मिळतोच असंही नाही. आपलंच बघा. आपल्यातल्या बहुतेकांची नावं गावाकडच्या मतदारयादीत. हॉस्टेल ज्या प्रभागात आहे तिथलं पाणी आपण पितो, कचरा आपण करतो, खड्ड्यांतून आपणच जातो, पण तिथल्या नगरसेवकाच्या हिशेबात आपण नाही. जुन्या गंजातल्या लोकांची स्थिती काय असेल ह्याची थोडी कल्पना त्यावरून येते. आणि 2022 च्या मार्चमध्ये पुणे महापालिकेची मुदत संपल्यावर तर पुढची काही वर्षं नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती होता. तेव्हा विरोधात मत द्यायला सभेत एक माणूसही नव्हता.

1888 च्या मे महिन्यात मुंबईत लोकांनी जोतीरावांना 'महात्मा' ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडली, तर डाव्या हाताने लिहून त्यांनी शेवटचं पुस्तक पुरं केलं. 28 नोव्हेंबर 1890 ला ते गेले.

जाता जाता एक उपयोगाची माहिती. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाची सभेतली हजेरी, त्याने विचारलेले प्रश्न, त्याच्या निधीतून झालेल्या कामांची यादी, कुठल्या ठरावावर नावानिशी मतदान झालं असेल तर त्याची नोंद, हे सगळं 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येतं. मतदारयादीत नाव त्याच प्रभागात असण्याची अट नाही. उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जाची फी दहा रुपये.