जेम्स वॅट : शक्तीचें माप ठरविणारा कारागीर

सायकलीच्या शर्यतीची कसून तयारी करणारे लोक हल्लीं आपली शक्ति ‘वॅट’ या मापानें मोजतात. ज्या पुरुषाचें नांव या मापास मिळालें, त्याच्या हयातींत पायडलची सायकल निघालीही नव्हती. त्याचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें थोडक्यांत ठेवावें, असें आम्हांस वाटतें.

जेम्स वॅट याचा जन्म स्कॉटलंडांतील ग्रीनॉक या बंदरीं १९ जानेवारी १७३६ रोजीं झाला. प्रकृति नाजूक असल्यामुळें त्याचें आरंभींचें शिक्षण बहुतांशीं घरींच झालें. १७५५ सालीं लंडनला जाऊन त्यानें वर्षभर मोजमापाचीं उपकरणें बनविण्याची विद्या संपादन केली. पुढें ग्लासगो येथें तो दुकान थाटूं लागला, तेव्हां पुरी उमेदवारी केली नाहीं या सबबीवर तेथील कारागिरांच्या संघानें त्यास मज्जाव केला. परंतु १७५७ सालीं विश्वविद्यालयानें आपल्याच आवारांत त्यास जागा दिली.

तेथें १७६३ च्या सुमारास न्यूकोमेनच्या वाफेच्या यंत्राचा एक लहान नमुना दुरुस्तीसाठीं त्याच्या हातीं आला. कांहीं ठोके पडतांच त्याची वाफ संपून जाई. वॅटनें नुसता तर्क केला नाहीं. किती पाण्याची किती वाफ होते व किती वायां जाते, हें त्यानें मोजून पाहिलें. प्रत्येक ठोक्यास नळकांडें थंड करून पुन्हां तापवावें लागे, हेंच नुकसानीचें मूळ होतें. १७६५ सालीं त्यास युक्ति सुचली कीं, वाफ निराळ्या पात्रांत थंड करावी व नळकांडें सदोदित गरम ठेवावें. १७६९ सालीं या शोधाचें पेटंट मिळालें. पण यंत्र व्यवहारांत येण्यास १७७६ साल उजाडलें. मधल्या काळांत पैशाची ओढाताण सोसावी लागली, व १७७३ सालीं त्याची पत्नीही निवर्तली. तरी त्यानें काम सोडलें नाहीं. १७७५ पासून बर्मिंगहॅमचा मॅथ्यू बोल्टन हा त्याचा भागीदार झाला.

खाणवाल्यांशीं त्यांचा करार असा असे कीं, जुन्या यंत्राच्या मानानें जितका कोळसा वांचेल, त्याच्या किंमतीचा तिसरा हिस्सा त्यांनीं द्यावा. येथें मापांत लबाडीला वाव होता. म्हणून वॅटनें यंत्राचे ठोके मोजणारें साधन कुलुपबंद पेटींत बसविलें. गिरणीवाल्यांचें गाडें मात्र वेगळें होतें. त्यांच्याकडे घोडे होते. तेव्हां घोडा किती काम करतो, याचा हिशेब वॅटनें केला, व १७८३ सालीं मिनिटास ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणें ही एक अश्वशक्ति ठरविली. सामान्य घोड्यास दिवसभर इतकें काम झेपत नाहीं. म्हणजे गिऱ्हाइकास माप भरपूरच मिळालें.

२५ ऑगस्ट १८१९ रोजीं वॅट मरण पावला. १८८२ सालीं विल्यम सीमेन्स यानें शक्तीच्या मापास त्याचें नांव सुचविलें, व १८८९ सालीं तें मान्य झालें. एक अश्वशक्ति म्हणजे सुमारें ७४६ वॅट. कसलेल्या सायकलपटूसही तासभर इतकी शक्ति टिकवितां येत नाहीं.

सायकलपटूची शक्ति मोजण्याचें तत्त्वही तेंच : जोर किती व गति किती. पायडलच्या दांड्यास पडणारा अतिसूक्ष्म ताण विजेच्या साह्यानें टिपतात, व दांडा किती वेगानें फिरतो हें पाहून दोहोंचा गुणाकार करतात. केवळ धांव पाहून शक्ति कळत नाहीं. कारण पाठीवरचा वारा किंवा उतार दुबळ्यासही वेगवान् करतो. ऊन-थंडीनेंही हें साधन चुकतें. म्हणून निघण्यापूर्वीं, पायांचा भार नसतांना, तें शून्यावर आहे कीं नाहीं, हें पाहावें लागतें. हें न केल्यास आंकडा खोटा येतो, व मनुष्य खोट्याच भरंवशावर सराव करीत राहतो.

आमच्या विद्यार्थ्यांस परीक्षेचे गुण हेंही एक मापच आहे. नकलेनें मिळविलेले गुण म्हणजे पाठीवरचा वारा होय. पालकांनींही मुलाच्या गुणांपूर्वीं त्याच्या श्रमांची विचारपूस करावी. खरें वजन देवास आवडतें व खोटा तराजू त्यास वीट आणतो, ही शिकवण बाजाराइतकीच वर्गासही लागू आहे. वॅटनें आधीं प्रामाणिकपणें मोजलें, म्हणूनच त्यास पुढें सुधारतां आलें.