वाल्डेमार हाफकिन : एका बाटलीची गोष्ट



शाळेत धनुर्वाताची लस द्यायला सिस्टर येतात, तेव्हा बाटली उघडली की त्या तिच्यावर तारीख आणि वेळ लिहितात. ते कशासाठी, असं पाचवीतल्या एका मुलीने विचारलं. तिला मी हाफकिन यांची गोष्ट सांगितली. परळची हाफकिन संस्था आपल्याला ऐकून माहीत असते, पण ते नाव ज्यांचं, त्यांच्यावर काय गुदरलं हे आपण मुलांना फारसं सांगत नाही.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० चा, ओडेसा शहरातल्या ज्यू कुटुंबात. शिक्षण प्राणिशास्त्राचं. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९२ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. हाच प्लेग पुण्यातही आला आणि आपल्या नगरला अध्यापनाचे धडे घेतलेल्या सावित्रीबाई रुग्णांची सेवा करताना १८९७ मध्ये त्यातच गेल्या. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या लहानशा जागेत, हाताखाली मोजकी माणसं घेऊन तीनेक महिन्यांत लस बनवली. १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई पुन्हा स्वतःलाच!

नंतर लाखो लोकांना लस मिळाली. आणि मग मुल्कोवाल आलं.

पंजाबातल्या या गावात ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. बाकीच्या बाटल्यांतून घेतलेल्यांना काही झालं नाही. चौकशी समितीने ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांनी लस निर्जंतुक करण्याची पद्धत थोडी बदलली होती, तेच कारण धरलं गेलं. त्यात ते डॉक्टर नव्हते, परके होते. माझ्या मते इथेच घोटाळा झाला. १९ माणसं गेल्यावर सगळ्यांना आधी एक नाव हवं होतं. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावं लागलं.

खरं कारण गावातच घडलं होतं. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता खळबळून घेतला आणि त्याच चिमट्याने बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, आणि त्यांचे बीजाणू इतके चिवट की अशा खळबळण्याने मरत नाहीत. (मदतनिसाने निदान धुतला तरी होता! चिमटा पडला तर तो नीट तापवूनच वापरायचा, ही सवय त्याच्या हाताला कोणी लावली होती का, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.)

मलेरिया डासांमुळे पसरतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ १९०७ मध्ये हाफकिन यांच्या बाजूने उघडपणे उभे राहिले, तेव्हा कुठे दोष धुतला गेला. मधली पाच वर्षं गेलीच. ते परत आले ते कलकत्त्याला. मुंबईची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं, तेव्हा ते युरोपात होते. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे ते वारले.