विश्लेषण : माणूस ओळखणाऱ्या खोलीची कल्पना १९९१ मध्येच मांडणारे मार्क वायझर कोण होते?

खोलीत कोणी नसेल तर एसी मंद होतो, माणूस आत आला की दिवा लागतो. परिस्थिती ओळखून उपकरणांनी आपले काम बदलण्याच्या या तंत्राला ‘कॉन्टेक्स्ट-अवेअर’ म्हणतात. त्यामागचा विचार रुजवणाऱ्यांत मार्क वायझर यांचे नाव आघाडीवर आहे.

कोण होते वायझर?

२३ जुलै १९५२ रोजी अमेरिकेत जन्म. मिशिगन विद्यापीठातून पीएच.डी., मग मेरीलँडमध्ये अध्यापन आणि १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत प्रवेश. तिथे त्यांनी संगणक पेटीतून बाहेर काढून खोलीभर पसरवायचे ठरवले : तळहातावर मावणारे टॅब, वहीएवढे पॅड, फळ्याएवढे बोर्ड. शिवाय गडी ड्रमरही होता! त्यांच्या ‘सिव्हिअर टायर डॅमेज’ बँडचा कार्यक्रम १९९३ मध्ये इंटरनेटवरून थेट प्रसारित झाला. असा तो पहिलाच बँड.

सप्टेंबर १९९१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील लेखात त्यांनी एक गजराचे घड्याळ रंगवले. झोपेतली चुळबुळ ओळखून ते कॉफी हवी का, असे विचारते. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळायला तेव्हा चार वर्षे बाकी होती.

खोलीला कळायचे कसे?

टॅब इन्फ्रारेड संकेत पाठवायचा, छतावरचे यंत्र तो टिपायचे. टीव्हीच्या रिमोटप्रमाणे हा संकेतही भिंतीपलीकडे जात नाही. त्यामुळे माणूस नेमका कोणत्या खोलीत आहे, हे कळायचे. पार्कमधल्याच बिल शिलिट व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये याची मांडणी केली : तुम्ही कुठे आहात, सोबत कोण आहे, जवळ कोणती साधने आहेत.

मग अडचण कुठे?

तुम्ही कुठे आहात हे कळल्याशिवाय खोली तुमच्याशी जुळवून घेऊ शकत नाही. पण तीच माहिती साठवली, की पाळत सुरू. हुकूमशाहीच्या हाती हे जाळे किती भयंकर ठरेल, हे वायझर यांनी त्याच लेखात बजावले होते. माहितीचे संरक्षण यंत्रणेत सुरुवातीपासूनच हवे, हा त्यांचा आग्रह. स्मार्ट स्पीकर विकत घेताना हा प्रश्न आपण किती जण विचारतो?

१९९५ मध्ये जॉन सीली ब्राउन यांच्यासह त्यांनी लक्ष न वेधणाऱ्या, ‘शांत’ तंत्रज्ञानाचा विचार मांडला. त्यांचे आवडते उदाहरण म्हणजे कलाकार नताली जेरेमिजेंको यांनी पार्कमध्ये छताला टांगलेली प्लास्टिकची दोरी. नेटवर्कवर वर्दळ वाढली की ती गरगर फिरे, एरवी किंचित हले. दर मिनिटाला नोटिफिकेशन देणारा आपला फोन याच्या अगदी उलट!

१९९६ पासून पार्कचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी असलेल्या वायझर यांचे २७ एप्रिल १९९९ रोजी कर्करोगाने निधन झाले. ते ४६ वर्षांचे होते.